भावजींचं वजन आणि माझी चादर

आमचे भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, यांनी आयुष्यभर एकच उद्योग केला. धडधाकट वस्तू मोडल्या. लोक घरं उभी करतात, दुकानं थाटतात. आमच्या भावजींनी शिड्या मोडल्या, टोप्या फोडल्या, पट्टे तोडले, आणि वर ऐटीत सांगितलं की हे शास्त्र आहे.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ते शाळेत होते. दुसऱ्याच दिवशी बघते तर माझा माहेरचा कंगवा त्यांच्या हातात. वाकवताहेत, सोडताहेत, परत वाकवताहेत.

मी म्हटलं, "भावजी, मोडेल हो तो."

"तेच बघतोय," म्हणाले.

मोडला. दोन्ही तुकडे माझ्या हातात ठेवले आणि वर मलाच शाबासकी दिली, "वहिनी, कंगवा चांगला होता. बराच टिकला."

मी ह्यांच्याकडे तक्रार नेली. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं, "शिकतोय तो," म्हणाले, आणि वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. त्यानंतर ह्यांच्या जिवात जीव होता तोवर मी एकही तक्रार त्यांच्याकडे नेली नाही. नेऊन उपयोग काय?

मोठे झाल्यावर भावजी एका कारखान्यात गोदाम सांभाळायला लागले. तिथं एक रंगारी कोऱ्या करकरीत शिडीवरून पडला. पायरीच निखळली. माणूस वाचला, पण कमरेत वाकला तो कायमचाच. मालक म्हणाला, शिडी उत्तम होती, माणूस जाड होता. भावजी ती निखळलेली पायरी घरी घेऊन आले आणि जेवताना माझ्या ताटाशेजारी ठेवली.

"वहिनी, हा खिळा बघा. एवढासा खिळा! यावर माणूस उभा करतात?"

मी म्हटलं, "ताटाजवळून काढा आधी ती."

पायरी काढली, पण डोक्यातून काही निघेना. नोकरी सोडली, घरामागच्या शेडमधलं भंगार बाहेर फेकलं आणि तिथं प्रयोगशाळा काढली. नाव मोठं, काम साधं. कामावरच्या माणसाच्या अंगावर जे जे असतं, डोक्यावरची टणक टोपी, कमरेचा पट्टा, हातमोजे, बूट आणि पायाखालची शिडी, ते कुणीतरी तिऱ्हाइताने तपासायला हवं. ज्याने बनवलं त्याने नाही, ज्याने विकत घेतलं त्यानेही नाही. तो तिऱ्हाईत म्हणजे आमचे भावजी. वस्तू यायची, भावजी ती ओढायचे, आपटायचे, जाळायचे, आणि ती कधी आणि कशी मोडली ते लिहून द्यायचे.

तोंडाला मात्र लगाम नाही. एक कारखानदार कौतुकाने नवा पट्टा घेऊन आला होता, छतावर चढणाऱ्यांच्या कमरेला बांधायचा. भावजींनी यंत्रात घालून ओढला, तुकडे त्याच्या हातात दिले आणि म्हणाले, "पट्टा छान आहे. याने पेट्या बांधा." त्या माणसाने चहा अर्धा टाकला. चहा मी केला होता. माझा काय दोष?

आता त्या वजनाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे घडलं. शेडमध्ये एक पोलादी वजन होतं, ठेंगणं, गोल, वर पकडायला कडी. त्याला ते प्रमाण-वजन म्हणायचे. दूरच्या सरकारी कचेरीत ते अगदी काटेकोर मोजून आणलेलं, त्याच्यावर तसा शिक्का ठोकलेला. पट्टे ओढायचं यंत्र बरोबर आकडा दाखवतंय की नाही, ते या वजनावरून ठरवायचं. हे एक चुकलं की शेडमधलं सगळंच चुकलं. म्हणून भावजी त्याला जपायचे. मऊ फडक्यात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवायचे, पांढरे हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचे नाहीत. माझी जाऊ त्याला सवत म्हणायची.

"ताई, मला उचलायला कधी हातमोजे घातलेत का त्यांनी?" असं ती मला विचारायची.

एकदा वाऱ्याने दार आपटत होतं म्हणून मी ते वजन उचलून दाराला लावलं. केवढा गहजब! "वहिनी, घामाचा हात लावलात! गंज धरेल, वजन बदलेल! त्याला बोट लावायचं नाही, श्वाससुद्धा सोडायचा नाही त्याच्यावर!" मी म्हटलं, "मग मी श्वास कुठे सोडू, तेवढं सांगा." पण त्या दिवसापासून मी त्या पेटीपासून लांबच राहिले.

इतकी वर्षं सरकारला या शेडचा पत्ताही ठाऊक नव्हता. मग एक दिवस हुकूम निघाला की यापुढे असले अहवाल मान्यता मिळालेल्या प्रयोगशाळांचेच चालतील. ज्यांना मान्यता नाही त्यांचा कागद म्हणजे रद्दी. सरकारची माणसं येऊन बघणार, पसंत पडलं तर मान्यता, नाही तर शेडला कुलूप.

भावजींनी हे सगळं आम्हा दोघींना समजावून सांगितलं. मी विचारलं, "म्हणजे तपासणाऱ्याला सरकार तपासणार?"

"बरोबर."

"आणि त्या सरकारला कोण तपासतं?"

"वहिनी, चहा ठेवा," म्हणाले.

मी चेष्टा करत होते, पण भावजींचा चेहरा उतरला होता. शेड बंद झाली तर त्या माणसाने करायचं काय? दुसरं काही येत नाही. मोडायला वस्तू मिळाली नाही तर स्वतः मोडतील अशी परिस्थिती.

त्यात रस्त्यापलीकडे एक नवी प्रयोगशाळा झाली होती, सगळी काचेची. आत शिरल्यावर मऊ सोफे, आणि भल्यामोठ्या पेटीत रंगीत मासे. त्यांना आमच्या आधी मान्यता मिळाली. मी भाजीला जाता येता काचेतून बघायचे, यंत्रांवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. मासे मात्र अगदी नियमाप्रमाणे पोहत होते.

भावजींनी ते मासे पाहिले आणि त्यांचं डोकं फिरलं. इतकी वर्षं ज्या माणसाने कुणाच्या दिसण्याकडे पाहिलं नाही, कोऱ्या टोपीला "आधी फोडून बघू" म्हटलं, त्याला एकदम वाटायला लागलं की आपण चांगले दिसत नाही. आणि असं वाटायला लागलं की माणसाच्या दारात सल्लागार येतो. आमच्याही आला.

हा सल्लागार म्हणजे एक तुकतुकीत माणूस. जाकीट इतकं घट्ट की भावजींच्या यंत्रात घालायच्या आधीच फाटेल. भावजींना 'सर' म्हणायचा, मला 'आजी'. त्याचं म्हणणं एकच, "सर, काम सगळेच करतात. मान्यता दिसण्याला मिळते."

त्याने आधी आम्हाला पदं वाटली. नियमाप्रमाणे प्रयोगशाळेत अमुक माणूस हवा, तमुक माणूस हवा. जाऊ झाली गुणवत्ता व्यवस्थापक. तिने विचारलं, "म्हणजे काय करायचं?" तर म्हणाला, "बिल्ला लावायचा." मग माझ्याकडे वळला. "आजी, तुम्ही तक्रार निवारण अधिकारी."

मी म्हटलं, "बाबा, लग्न झाल्यापासून तक्रारीच ऐकतेय. निवारण एकाचंही झालेलं नाही."

"अनुभव आहे," म्हणाला आणि माझ्याही छातीला बिल्ला टोचला.

मग रंग आला. हिरवा, चकचकीत, डबेच्या डबे. सल्लागाराचं म्हणणं, सरकारी डोळ्याला हिरवं बरं वाटतं. भावजींनी स्वतः ब्रश हातात घेतला. यंत्रं रंगवली, टेबलं रंगवली, स्टूल रंगवलं, बादली रंगवली. माणसाला रंगाची नशा चढते हे मी तेव्हा पाहिलं. जाऊ म्हणाली, "ताई, आपण फार वेळ एका जागी उभं राहू नये."

शेवटी सल्लागाराने ती लाकडी पेटी उघडली. वजनाच्या कडेला जुनाट काळपट डाग होता.

"सर, सगळी शेड नवरीसारखी सजली," म्हणाला, "आणि हे एवढंच कळकट."

भावजी जरा थांबले. मग फडकं काढलं आणि ब्रश बुडवला. शिक्क्यासकट सगळं वजन हिरवंगार करून टाकलं. आम्ही दोघी जावा तोंडभरून कौतुक करत होतो! सवत एवढी सुंदर कधीच दिसली नव्हती. वाळल्यावर भावजींनी वजन पुन्हा मऊ फडक्यात गुंडाळलं, हळुवार, हातमोजे घालून.

सगळ्यात शेवटी बोर्ड. दारावर नवा मोठा बोर्ड लागला आणि त्यावर ठसठशीत अक्षरात 'सरकारमान्य'. अजून मान्यतेचा पत्ता नाही, पण सल्लागार म्हणाला, आत्मविश्वास दिसायला हवा. मान्यता मिळाली की त्याच क्षणी पडदा ओढायचा. पडदा म्हणून भावजींनी काय घेतलं असेल? माझी चादर. निळ्या फुलांची, माझ्या लेकीने मला दिलेली, मी अजून वापरायलाही न काढलेली.

मी म्हटलं, "भावजी, घरात दुसरं काही नव्हतं?"

"एक दिवसाचा प्रश्न आहे, वहिनी."

तपासणीच्या दिवशी भावजींनी कोट घातला. कोट ह्यांचा होता, बाह्या बोटांपर्यंत यायच्या. सल्लागार दारात फुलांचा गुच्छ घेऊन उभा. आम्हाला वाटलं, मोठी गाडी येईल, चार माणसं उतरतील. कसलं काय! कोपऱ्यावरून एक बाई चालत आली. बसने आली होती. खांद्याला कापडी पिशवी, पायात साधे बूट, चेहऱ्यावर ना राग ना लोभ. गुच्छ घेतला नाही. मी चहा पुढे केला, तर म्हणाली, "नको, आजी. आम्हाला चालत नाही."

"बरं, पाणी तरी घ्या."

"पाणी माझ्याकडे आहे," म्हणाली आणि पिशवीतून बाटली काढली.

मला राग आला. आमचं पाणीसुद्धा नको? आम्ही काय पाण्यातून मान्यता पाजतोय? या बाईला मान्यता द्यायचीच नाही, असं मी तिथंच ठरवून टाकलं.

तिने हिरवी यंत्रं पाहिली, पुढे सरकली. हिरवी बादली पाहिली, जराशी थांबली. सल्लागार मागून म्हणाला, "सगळं अद्ययावत आहे, मॅडम." ती म्हणाली, "बादलीसुद्धा?"

मग ती भावजींकडे वळली. "ओढायचं यंत्र बरोबर दाखवतं का, ते माझ्यासमोर तपासून दाखवा."

भावजी खुलले. हा त्यांचा प्रांत. कोटाच्या बाह्या वर सारल्या, पांढरे हातमोजे चढवले, पेटी उघडली, फडक्याची एकेक घडी सोडवली. आणि आतून निघालं ते हिरवं वजन. काचेच्या बांगडीसारखं चमकत होतं. पांढऱ्या हातमोज्यातले त्यांचे हात तिथेच हवेत थांबले. मी त्यांचा चेहरा पाहत होते. कंगवा मोडला तेव्हाही हा चेहरा असा झाला नव्हता. ज्या वजनावर माझा श्वास चालत नव्हता, त्याच्यावर या गृहस्थांनी डब्यातला रंग ओतला होता, आणि हे त्यांना आत्ता, या घटकेला, समजत होतं.

"हे तुमचं प्रमाण-वजन?" बाईने विचारलं.

"हो."

"याला रंग आहे."

"मूळचाच, मॅडम," सल्लागार मध्ये पडला. "येतानाच तसा येतो. कचेरीत मोजलं तेव्हाही होता."

बाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. भावजींना विचारलं, "मोजून आणलं तेव्हा हा रंग होता का?"

'हो' एवढं एक अक्षर म्हटलं की झालं. शिक्का रंगाखाली, खरं-खोटं करणार कोण? बाईच्या पाठीमागे सल्लागार मान इतकी जोरात हलवत होता की मला वाटलं, निखळते. जाऊ बिल्ल्याची पिन उघडत होती, लावत होती. आणि मी, नुकतीच त्या बाईला नापास केलेली, मनात म्हणत होते, म्हणा हो भावजी, म्हणून टाका. सगळ्या जगाच्या टोप्या फोडल्यात, एकदा स्वतःची तरी वाचवा.

भावजींनी हातमोजे काढले.

"नव्हता," म्हणाले. "गेल्या आठवड्यात मीच दिला. दोन हात दिले. पहिला पूर्ण वाळवून मग दुसरा."

मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. दुसऱ्या हाताचं कुणी विचारलं होतं का? पण नाही, मोडण्यातसुद्धा हा माणूस काटेकोर.

"त्यानंतर या यंत्रावर काही तपासलंत?" बाईने विचारलं.

"पट्टे तपासलेत. त्या नमुन्यांवरून बाकीचे बाहेर गेलेत. आजच फोन करून परत मागवतो, कुणी कमरेला बांधायच्या आत."

"सर!" सल्लागार असा विव्हळला की जणू पट्टा त्याच्याच कमरेला होता.

बाई म्हणाली, "मग मला मान्यतेची शिफारस करता येणार नाही. वजन कचेरीत पाठवा, रंग तेच काढतील, पुन्हा मोजून देतील. मग नव्याने अर्ज करा."

"आणि तोवर?"

"तोवर तुमचा अहवाल चालणार नाही."

भावजींनी मान हलवली. वाद नाही, विनवणी नाही. मला मेला राग यायला हवा होता, पण धड राग येईना आणि धड दुसरं काही सुचेना, म्हणून मी कप गोळा करायला लागले. त्या बाईचं विचारणं मात्र अजून संपलं नव्हतं.

"इथे तक्रारी कोण बघतं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे खाली ठेवला. "मी. म्हणजे, असं म्हणतात."

"एखादी तक्रार बाकी आहे का, आजी?"

सल्लागार ओठांनीच 'नाही, नाही' करत होता. आता मी कशाला कुणाची भीड ठेवू?

"आहे," मी म्हटलं. "माझीच. माझी चादर दारावर लटकतेय."

बाई बाहेर गेली, आम्ही सगळे तिच्यामागे. तिने चादरीचं एक टोक वर उचललं, खालचं वाचलं, टोक पुन्हा सोडून दिलं.

"हे आधीच लिहून ठेवलंत?"

"आत्मविश्वास," भावजी पुटपुटले. सल्लागार तेवढ्यात फाटकापाशी पोचला होता.

"झाकलेलंच राहू द्या," बाई म्हणाली.

"आणि माझी चादर?" मी विचारलं.

"त्याचं तक्रार निवारण अधिकाऱ्याने बघायचं," ती म्हणाली. तोंडाची एकही रेघ हलली नाही, पण मला वाटतं ती हसली. मग ती स्वतःच्या बाटलीतलं स्वतःचं पाणी प्यायली आणि बस पकडायला निघून गेली.

त्या दिवशी दुपारभर भावजी फोनला चिकटले होते. पट्टे परत पाठवा, माझी चूक झाली, हो, माझीच. पलीकडून लोक काय काय बोलत होते ते आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. ज्याला एकदा पेट्या बांधायला सांगितलं होतं तो तर हसता हसता खोकायला लागला. भावजींनी खोकला थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग पुन्हा म्हणाले, "पट्टे पाठवा." पाठवले सगळ्यांनी. पुढची कामं मात्र समोर गेली, माशांकडे.

जाऊ म्हणाली, "अहो, त्या कचेरीत कशाला पाठवायचं? रंग घरीच खरवडला तर?"

"खरवडला तर पोलादही जाईल. मग हलकं भरेल."

"पण तिकडे किती वेळ लावतील?"

"लावतील."

सवत गेली लांबच्या कचेरीत, लाकडी पेटीत बसून. तिकडे रांग आहे म्हणे. अर्ज नव्याने टाकलाय, या वेळी सल्लागाराशिवाय. तोपर्यंत हिरवी शेड बंद आणि भावजी दिवसभर घरात. घरात म्हणजे काय, तर माझ्या वस्तूंमध्ये. परवा कपड्यांचे चिमटे एकेक करून किती ताणले जातात ते पाहिलं. काल डब्याच्या झाकणाची मूठ उपटली. जाऊ म्हणते, "ताई, देवाने लवकर मान्यता द्यावी, नाहीतर घरात एकही कडी राहणार नाही." मी भांडी उंच फळीवर ठेवते आणि पत्र आलं का म्हणून रोज फाटकाशी जाते. मला कुठली काळजी? चादरीसाठी जाते.

चादर कुठवर तिथं लटकणार, म्हणून मी एके सकाळी अधिकाराच्या आवाजात सांगितलं, "भावजी, मी तक्रार निवारण अधिकारी आहे. आज चादर पाहिजे."

ते स्टूल घेऊन बाहेर गेले. खिडकीतून बघते तर उरलेला हिरवा रंग घेऊन बोर्डापाशी चढलेत. चादर एका अंगाला सारून 'सरकारमान्य'वर ब्रश फिरवताहेत, 'प्रयोगशाळा' तेवढी ठेवून. दोन हात दिले. पहिला पूर्ण वाळवून मग दुसरा.

दुसऱ्या हातानंतर आत आले, चादर घडी करून माझ्या मांडीवर ठेवली.

"घ्या, वहिनी. तक्रार निकाली काढा."

मी घडी उलगडली. निळ्या फुलांवरून वरपासून खालपर्यंत हिरवा ओघळ.

"ही निकाली? हे काय आहे?"

भावजींनी चष्मा लावला. ओघळावर नख घासलं. कापड ताणून पाहिलं, चुरगाळून पाहिलं, ओल्या फडक्याने पुसून पाहिलं. मग कंगव्याच्या वेळी केला होता तसाच गंभीर चेहरा करून म्हणाले,

"वहिनी, रंग चांगला आहे. निघत नाही."

तक्रार बाकी आहे.